म्हसोबाच्या वळणावरची लाल झेंडी

कुर्डुवाडीत कुणालाही विचारा, दसऱ्याची मोटारसायकल रेस बंद कशी पडली. पानाच्या टपरीवर विचारा, नाहीतर रेल्वे वर्कशॉपच्या फाटकाशी चहा पीत उभा असलेल्या कुणाला विचारा. निम्मे लोक बेधडक सांगतील, त्या गुंडा गँगमननं भंडारा उधळला आणि बंद पडली. हे साफ खोटं आहे. खोटं आहे हे सांगणाऱ्यालाही ठाऊक असतं, आणि तरी तो पान चघळत, पिंक टाकत सांगतो. मी हे लिहायला बसलोय ते याच संतापानं. कुणाला राग आला तर येऊ दे.

गुंडाबापू मूळचा सांगोल्याकडचा धनगर. तरणा असताना मेंढरं घेऊन चाऱ्याच्या शोधात इकडे आला आणि इकडचाच झाला. रेल्वेत गँगमन म्हणून, रुळांच्या देखभालीवर, लागला. डोक्याला लाल पटका, खांद्यावर घोंगडी, हातात हातोडा, आणि तोंड असं वाईट की मुकादमसुद्धा त्याला एक शब्द जपून बोलायचा. शिवी दिल्याशिवाय त्याला धड बोलता येत नसे. मेंढराशी तेवढा तो गोड बोलायचा, आणि मोटारसायकलीशी.

मोटारसायकलीचं वेड त्याला माझ्या बापामुळे लागलं. पहिल्यांदा इकडे आला तेव्हा रेसचा दिवस आहे हे त्या बिचाऱ्याला काय माहीत. माढ्याच्या रस्त्यावर म्हसोबाचं एक वळण आहे, लिंबाच्या झाडाखाली. तिथे नेमकी याची मेंढरं रस्त्यावर. लोकांनी आरडाओरडा केला, यानं मेंढरं कशीबशी बांधाकडं वळवली, आणि तेवढ्यात माझा बाप आला. त्याच्याकडे लष्करानं मोडीत काढलेली मॅचलेस गाडी होती, पुण्यात लिलावात घेतलेली. वळणावर त्यानं गाडी इतकी कलती केली की पाय ठेवायचा दांडा रस्त्याला घासला आणि ठिणग्या उडाल्या. गुंडाबापू ही गोष्ट मला कितीदा तरी सांगायचा. "तुजा बा आडवा झाला रं, पार आडवा. आन् पडला न्हाय." शेवटचं वाक्य म्हणताना तो दर वेळी थांबायचा. लोक म्हणतात रेल्वेची नोकरी त्यानं पोटासाठी धरली. मी म्हणतो, त्या वळणासाठी धरली.

आणि हा माणूस जन्मात कधी मोटारसायकलीवर बसला नाही. माझ्या बापानं एकदा आग्रह केला, मागं बस, माढ्यापर्यंत फिरवून आणतो. तर म्हणाला, "मीच बसलो तर बगायचं कुनी?"

रेस म्हणजे तुम्हाला आजकालच्या पोरांची उडाणटप्पूगिरी वाटत असेल. तसं नव्हतं. नॉर्टन, बीएसए, मॅचलेस, सगळ्या जुन्या विलायती गाड्या. मालकांनी स्वतःच्या हातानं खोलून, घासून, जुळवून जिवंत ठेवलेल्या. कुर्डुवाडीच्या नाक्यावरून सुटायचं, माढ्याच्या वेशीला वळसा घालायचा आणि परत यायचं. सोलापुरातून विणकरवाड्यातली तेलुगू माणसं यायची, मिलमधले लोक यायचे, अक्कलकोटकडची मंडळी कानडीत पैजा लावत यायची. खेड्यापाड्यांतून बैलगाड्या. गाड्यांचा आवाज नुसता ऐकून, कोण आलं ते सांगणारे लोक त्या गर्दीत होते. गुंडाबापू त्यांतला पहिला.

रेसच्या आधी आठवडाभर तो गावातून कडबा गोळा करायचा. ज्याच्या त्याच्या दारात जाऊन, आधी शिवी देऊन मग पेंढ्या मागायचा. वळणाच्या बाहेरच्या अंगाला त्या पेंढ्यांची भिंत रचायची, म्हणजे कुणी घसरलाच तर दगडावर न जाता कडब्यात जाईल. रेस झाली की पेंढ्या ज्याच्या त्याला परत. रेसचा कडबा खाल्लेला बैल गाडीला जोरात पळतो, असं म्हणून लोक आपल्याच पेंढ्या मोजून मागून न्यायचे. खराट्यानं तो वळण झाडून काढायचा, बारीक खडासुद्धा राहू द्यायचा नाही. आणि रेसच्या दिवशी रजा टाकून दोन झेंड्या घेऊन उभा. लाल आणि हिरवी. त्या रेल्वेच्या नव्हत्या. खात्याचं कापड घरच्या हौसेला वापरायचं नाही म्हणून त्याच्या बायकोनं, मायाक्कानं, तशाच शिवून दिल्या होत्या.

आता भंडाऱ्याचं सांगतो, कारण सगळं त्यात आहे. खंडेनवमीला आपण हत्याराला, यंत्राला हळदकुंकू लावतो, तशी रेस सुटण्याआधी मायाक्का नाक्यावर प्रत्येक गाडीच्या टाकीला बिरोबाचा भंडारा लावायची. बोटभर. एवढीच रीत होती, आणि ती चांगली होती. कुठल्याही जातीचा, धर्माचा गडी असो, टाकीला भंडारा लागल्याशिवाय किक मारत नसे.

मग एका वर्षी अक्कलकोटचा गुरुसिद्धप्पा वळणावर येत असताना गर्दीतल्या कुणीतरी "चांगभलं" म्हणून मूठभर भंडारा त्याच्या अंगावर उधळला. गुरुसिद्धप्पा त्या वर्षी पहिला आला. झालं. लोकांची खात्रीच पटली की देवानं जिंकवलं. पुढच्या वर्षी जो तो घरून पुडी बांधून आला. आपल्या आवडीच्या गड्यावर आपला भंडारा पडलाच पाहिजे. पालखीवर उधळतात तसा धावत्या गाडीवर भंडारा! पालखी चालते माणसाच्या पावलानं. इथं गडी वळणावर जिवाच्या करारावर गाडी कलती करून येतोय, त्याला समोरचा रस्ता दिसला पाहिजे, चाकाला रस्ता धरता आला पाहिजे. हे या शहाण्यांना कळत नव्हतं असं नाही. कळत होतं. पण माझ्या एका मुठीनं काय होतंय, असं प्रत्येकाला वाटत होतं.

गुंडाबापू दोरीच्या कडेनं फिरून घसा फोडायचा. "द्येव टाकीवर बसलाय की. त्येला डोळ्यात कशाला घालताय?" लोक हसायचे. धनगर असून भंडाऱ्याला नको म्हणतो, म्हणून उलट त्याचीच टिंगल करायचे.

बहात्तरच्या दुष्काळात रेस झाली नाही. जनावरं छावणीत, कडबा सोन्याच्या भावानं. त्या वर्षी गुंडाबापूच म्हणाला की जो रेसचं नाव काढंल त्याला जोड्यानं हाणीन. एक वर्ष उपास घडल्यावर पुढं गर्दी दुपटीनं वाढली. पण गाड्या कमी होत चालल्या होत्या. पेट्रोल महाग झालं, विलायती सुटे भाग मिळेनात, उसाच्या ट्रकांनी रस्ता फोडला. ज्यांचे बाप नॉर्टनवर आडवे व्हायचे ती मुलं स्कूटरसाठी नाव नोंदवून आपला नंबर कधी लागतो ते बघत बसली. बघणारे वाढले आणि चालवणारे आटले. त्यामुळे प्रत्येक गड्याच्या वाट्याला भंडारा जास्त यायला लागला, हे मी थट्टेनं सांगत नाही.

तशात पोलीस ठाण्यातल्या साहेबांनी रेसच्या कमिटीला बोलावून बजावलं होतं. रस्ता सरकारी आहे, एक जरी अपघात झाला तरी परवानगी संपली. कमिटीचे अध्यक्ष होते रावजी, गुळाचे अडत्ये. त्यांनी साहेबांपुढं मान डोलावली आणि बाहेर येऊन भंडाऱ्याबद्दल अवाक्षर काढलं नाही. लोक नाराज झाले असते ना.

चौऱ्याहत्तर साली मी पडलो. बाप तोवर वारला होता, त्याची मॅचलेस मी चालवत होतो. माढ्याहून परत येताना मी दुसरा होतो. लिंबाचं झाड दिसलं, गुंडाबापूची हिरवी झेंडी दिसली, मी गाडी कलती केली, आणि समोर सगळं पिवळं झालं. दोरी ओलांडून लोक रस्त्यावर आले होते. कुणाची मूठ होती ते मला विचारू नका. एक मूठ नव्हतीच. सगळा बांध उधळत होता. डोळ्यांत आग झाली, मागचं चाक सुटलं, आणि मी कडब्यात गेलो. मांडीचं हाड मोडलं. दोघातिघा बघ्यांनाही लागलं. कडबा नसता तर हे लिहायला मी उरलो नसतो.

पुढचे दोन महिने मी सोलापुरात दवाखान्यात पाय टांगून पडलो होतो. त्या काळात जे झालं ते मला मायाक्कानं सांगितलं.

साहेबांनी रावजींना सरळ विचारलं होतं, हे कुणा एकाचं काम आहे की जमावाचं? एखाद्यानं खोडसाळपणा केला असेल तर तसं वर कळवता येईल, पुढं कधीतरी परवानगीचा विचार होईल. जमावच असा असेल तर रेस कायमची बंद. रावजी तिथून निघाले ते थेट गुंडाबापूच्या खोलीवर आले. सोबत कमिटीची चार माणसं. त्यांच्या नखांतली हळद अजून निघाली नव्हती, असं मायाक्का म्हणाली. रावजींनी आडपडदा ठेवला नाही. म्हणाले, कुणातरी एकाचं नाव द्यावं लागणार. बाकीचे बायकापोरांचे धनी, व्यापारउदीमवाले. तू वळणावरच होतास, धनगर आहेस, भंडारा तुझ्याच घरून येतो. साहेबांना लगेच पटेल.

गुंडाबापूनं एवढंच विचारलं, "मग रेस हुईल न्हवं?"

"होईल," रावजी म्हणाले.

"मग लिवा माजं नाव."

मायाक्का मधे पडली. नवऱ्याचे दोन्ही हात तिनं धरले आणि रावजींच्या पुढं केले. "ह्ये हात बगा की. दोन झेंड्या हुत्या ह्यास्नी धरायला. हळदीचा डाग तरी हाय का? आन् तुमचं दावा." रावजींनी आपले हात उपरण्याखाली घेतले. गुंडाबापूनं बायकोला गप्प बसवलं. कोर्टात कबूल झाला, दंड भरला. ज्या माणसानं जन्मभर "उधळू नका" म्हणून बोंब मारली, त्याच्या नावावर उधळल्याची शिक्षा लागली. हे आठवलं की अजून माझ्या तळपायाची आग मस्तकात जाते.

कुबडी घेऊन परत आलो तसा मी पहिला ठाण्यात गेलो. साहेब म्हणाले, माणूस स्वतः कबूल झालाय, तुमचं काय म्हणणं आहे? रावजींकडे गेलो. ते म्हणाले, मिटलेलं उकरू नये. शेवटी गुंडाबापूकडे गेलो, तर त्यानं मलाच झापलं. "तू गप ऱ्हा हिंदुराव. तू त्वांड उघाडलंस तर रेस गेली. रेस सुरू हुंदे, मग काय ती बोंब मार."

पण रेस सुरू झाली नाही. पुढच्या वर्षी आणीबाणी आली, रस्त्यावर चार माणसं जमवायची परवानगी विचारायला कुणाची छाती होईना. त्यानंतरही वर्षं नुसती गेली. आणि या सगळ्या काळात लोकांनी काय करावं? ज्यांनी मुठी भरभरून उधळलं तेच लोक गुंडाबापूला बाजारात "हळद्या" म्हणू लागले. पहिल्यांदा थट्टेनं, मग खरोखरचं. खोटं दहादा बोललं की बोलणाऱ्यालाच ते आठवायला लागतं. "आम्ही बघितलं ना, त्यानंच टाकला," असं माझ्या तोंडावर सांगणारे भेटले. एकाची तर मी कॉलर धरली होती. शेवटी गुंडाबापूनं स्वतःच बदली मागून घेतली आणि नवरा-बायको जवळच्या केम गावाला राहायला गेली. जाताना झेंड्या तेवढ्या नेल्या.

एकोणऐंशी साली नवे साहेब आले, त्यांना रेसची हौस होती. परवानगी मिळाली. मारुतीच्या देवळात सभा भरली, रावजींनी अटी वाचून दाखवल्या. शेवटची अट अशी, की मागच्या अपघातास जबाबदार असलेल्या इसमास मार्गावर येऊ देऊ नये. मी सगळ्यांकडे बघितलं. देऊळ भरलेलं होतं. एक माणूस बोलला नाही. काहींनी तर समाधानानं मान हलवली, अट रास्तच आहे म्हणून. मी उभा राहिलो आणि तोंडाला येईल ते बोललो. रावजींना विचारलं, तुमच्या नखांतली हळद पाच वर्षांत निघाली का? त्यावर लोक म्हणाले, हिंदुराव, जाऊ द्या, रेस होतेय हे काय कमी आहे? सगळ्यांना रेस हवी होती. ती ज्याच्या जिवावर मिळाली तो नको होता.

दुसऱ्या दिवशी पहिल्या गाडीनं केमला गेलो. गुंडाबापू दारात घोंगडीवर बसला होता. बराच थकला होता. मी अट सांगितली. त्याला वाईट वाटलं, ते तोंडावर दिसलं. पण म्हणाला, "न्हाय येत मी. रेस तर हुतीया न्हवं?" मग आत जाऊन झेंड्या घेऊन आला आणि माझ्या हातात दिल्या. तुझा पाय गेलाय, गाडी तू आता चालवणार नाहीस, तर वळणावर तू उभा राहा, म्हणाला. आणि पढवलंही. "मानसाचं त्वांड बगू नगंस. त्वांड समद्यांचं चांगलंच आसतंय. हात बग. आन् लाल दावायची झाली तर वळनावर हुबा राहून दावू नगंस. रूळ तुटला तर गँगमन तुटल्या जाग्यावर हुबा ऱ्हात न्हाय. गाडीच्या तोंडाला पळतोय."

रेसच्या दिवशी मी म्हसोबाच्या वळणावर होतो. कडबा मीच रचला होता, गुंडाबापूसारखा जमला नव्हता. माढ्याकडे जाताना गाड्या नीट गेल्या, तेव्हा लोकांनी हात आवरले होते. भंडारा परतीच्या वेळेसाठी राखून ठेवला होता, जिंकणाऱ्यासाठी. मी दोरीच्या कडेनं फिरून ओरडत होतो. सगळे हसून "व्हय व्हय" म्हणत होते, चांगली तोंडं करून. आणि मी हात बघितले. प्रत्येकाच्या हातात पुडी. दोरी ढिली करून माणसं रस्त्यावर सरकत होती. पोलीस होते ते लिंबाखाली सावलीला. रावजी खुर्ची टाकून वळणाच्या तोंडाशीच बसले होते, मांडीवर ताट, ताटात नारळ आणि भंडाऱ्याची रास. मी त्यांच्यापुढं जाऊन हात जोडले. होय, हात जोडले, त्या माणसापुढं. म्हणालो, रावजी, तुम्ही ताट खाली ठेवा, मग बाकीचे ठेवतील. ते म्हणाले, "देवाचं काम आहे हिंदुराव, त्यात आडवं येऊ नये." आणि मूठ भरली.

तेवढ्यात माढ्याच्या बाजूनं आवाज आला. पुढं गुरुसिद्धप्पाची नॉर्टन होती, मी आवाजानं ओळखली. मागं बाकीच्या.

मी हिरवी झेंडी टाकून दिली आणि मोडक्या पायानं गाड्यांच्या तोंडाला पळत सुटलो. सरळ रस्त्यावर जमेल तितका पुढं गेलो आणि रस्त्याच्या मधोमध लाल झेंडी दोन्ही हातांनी वर धरून उभा राहिलो. गुरुसिद्धप्पानं झेंडी बघितली. जुना गडी, त्या झेंडीला मान देणारा. त्यानं हात वर करून मागच्यांना खूण केली. एकेक गाडी थांबली. इतक्या गाड्या एकदम गप्प झालेल्या मी त्या रस्त्यावर कधी ऐकल्या नव्हत्या.

मग लोक आले. माझा सदरा फाडला, दोन दातही गेले. मुठीतला भंडारा वाया जाऊ नये म्हणून बहुधा, तो माझ्याच डोक्यावर पडला. साहेबांना वाटलं दंगल झाली, त्यांनी तिथंच परवानगी रद्द केली. रावजींनी जाहीर केलं की रेस हिंदुरावानं बंद पाडली. आता गावातले उरलेले निम्मे माझं नाव सांगतात. सांगू देत. माझ्याबाबतीत ते खरं आहे.

तोंड सुजलेलं घेऊन मी केमला गेलो. मायाक्कानं दार उघडलं आणि पाणी तापवायला ठेवलं. लाल झेंडी पिवळी झाली होती. गुंडाबापूनं ती घेतली, अंगणात नेऊन झटकली आणि परत येऊन बसला. मी सगळं सांगितलं. त्यानं मधे एक शिवीसुद्धा दिली नाही.

"समदे थांबले?" त्यानं विचारलं.

"थांबले."

"कुनी पडलं?"

"न्हाई बापू. कुणी न्हाई."

"मग बराबर दावलीस."

एवढं बोलला आणि रडायला लागला. स्वतःचं नाव गेलं तेव्हा तो रडला नव्हता. रेस गेली म्हणून रडला, म्हातारा, झेंडी मांडीवर घेऊन, आणि मायाक्का माझं तोंड गरम पाण्यानं पुसत राहिली.